पालथी वाटी

व्यंकटभाऊनं फळीवरचं फडकं उचललं तेव्हा आम्ही सगळे हात धुऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो. भोसीकरनं पेढ्यांचा पुडा आधीच सोडून ठेवला होता. त्याला कुठल्याच गोष्टीचा दम नसायचा. फडक्याखाली वाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या, सगळ्या सुलट्या, आणि मधेच एक पालथी.

भोसीकर पुड्याचा दोरा परत बांधायला लागला. व्यंकटभाऊ फडकं हातात धरून तसाच उभा राहिला, जणू ते पुन्हा झाकून पुन्हा उचललं तर हिशेब वेगळा लागणार होता.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो अंगद सोळुंके माझ्या शेजारीच होता. त्यानं वाट्यांकडे पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मुनीम, मग भांडी घासायला घेऊ का?" त्या आठवड्यात भांड्यांची पाळी त्याची होती.

मुनीम म्हणजे मी. वडिलांची अडत होती म्हणून हे नाव पडलं, आणि पुढं मी ते मिळवलंही. कुणी कुणाला किती वेळा पाणी आणून दिलं, कोण कुणाच्या विनोदाला किती उसनं हसतो, हे माझ्या डोक्यात आपोआप जमा होत असे. त्याचा कुणाला उपयोग नव्हता, पण सवय जात नव्हती.

आमच्या कृषी महाविद्यालयाच्या वसतिगृहात तेव्हा जेवणाचे क्लब होते. पोरांनी मिळून आचारी ठेवायचा, पाळीनं बाजार करायचा. बाकीच्या क्लबांत पैसे भरले की कुणीही जेवायला बसे. आमचा 'पाटावरचा क्लब' तसला नव्हता. तिथं टेबलं नव्हती, पाट होते, आणि कायदे होते. सगळे बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. आणि कुणालाही एकट्यानं जेवू द्यायचं नाही, आजारी असला तर दोघांनी आपली ताटं घेऊन त्याच्या खोलीत जायचं. हे कायदे कुणी केले ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण आम्ही ते असे पाळायचो की जणू मोडले तर अपचन होईल.

क्लबात शिरायचं तर जूनपासून संक्रांतीपर्यंत 'पाहुणा' म्हणून जेवायचं. जगात इतकं काम करणारा पाहुणा दुसरीकडे नसेल. पाणी भरायचं, पाट मांडायचे, आचाऱ्याची बोलणी खायची. मग संक्रांतीनंतरच्या रविवारी जेवणं झाली की एकेकानं स्वयंपाकघरात जाऊन आपली वाटी फडक्याखाली फळीवर ठेवायची. सुलटी म्हणजे हो, पालथी म्हणजे नाही. पाहुण्यानंसुद्धा ठेवायची. वाट्या सगळ्या एकसारख्या, त्यामुळे कुणाची कोणती ते कळायचं नाही. एक जरी पालथी निघाली तरी पाहुणा बाहेर. मात्र तीन रविवार संधी मिळायची, कारण एखाद्याचा राग आठवडाभरात निवतो, असं जुन्या लोकांचं म्हणणं असावं.

इतर वर्षी पालथी निघाली तर आम्ही खांदे उडवले असते. पण त्या वर्षी एक जण नापास होऊन घरी गेला होता आणि एकानं लग्न करून गावात खोली घेतली होती. आम्ही अकरा उरलो होतो. आमचे रेक्टर देशमाने सर सगळे क्लब मोडून कंत्राटदाराची एकच मेस आणायच्या मागे होते. बारापेक्षा कमी डोकी असतील तर त्या क्लबाचं स्वयंपाकघर महिनाअखेरीस बंद, असं त्यांनी जाहीर केलं होतं. बारावा माणूस म्हणजे अंगद. दुसरा पाहुणाच नव्हता.

आणि क्लब म्हणजे व्यंकटभाऊ. व्यंकट गव्हाणे, शेवटच्या वर्षाला. पाचवीपासून वसतिगृहात वाढलेला. आई नव्हती, वडिलांनी दुसरं घर केलं होतं आणि त्या घरात याचं ताट नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीतही तो इथंच राहायचा आणि आम्ही परत येताना आणलेले लाडू-चिवडा सगळ्यांच्या पाटांवर सारखा वाटून द्यायचा. आम्हाला क्लब म्हणजे जेवायची बरी सोय होती. त्याला तो घरच होता, आणि ते घर त्याला आपलं शेवटचं वर्ष संपेपर्यंत तरी उभं ठेवायचं होतं.

पहिल्या पालथ्या वाटीनंतरचा आठवडा फार गमतीचा होता, म्हणजे आता गमतीचा वाटतो. प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय. रझाक म्हणाला, भोसीकरच असणार, कारण कबड्डीत अंगदनं त्याची दोनदा पकड केली होती. भोसीकर म्हणाला, रझाकनंच ठेवली असणार आणि पेढे फुकट जावेत हा त्याचा हेतू. एकानं तर माझ्याकडे येऊन मलाच विचारलं की मुनीम, तूच नाहीस ना, तू आतल्या गाठीचा. मी म्हणालो, मी असतो तर पेढे आधी खाल्ले असते आणि मग पालथी ठेवली असती. ते त्याला पटलं.

आपण नव्हे हे दाखवायला सगळे अंगदच्या मागे लागले. आग्रह तर आमच्यात आधीच होता, आता त्याला ऊत आला. त्याच्या वरणावर एक जण तूप वाढायचा, तोवर दुसरा तिसऱ्या भाकरीचा चतकोर टाकायचा. तो पाण्याला उठला तर दोघं सोबत उठायचे. वर्गात त्याच्या दोन्ही बाजूंना क्लबची माणसं, अंघोळीला रांगेत पुढं-मागं क्लबची माणसं. अंगद "पुरे" म्हणायचा आणि खायचा. तो मुळातच कमी बोलणारा होता. उंच, हडकुळा, मान जरा पुढं काढून चालणारा. त्या आठवड्यात ती मान आणखी पुढं आल्यासारखी वाटली, जणू घोळक्यातून डोकं आधी बाहेर काढायचं आहे.

व्यंकटभाऊ कुणालाच काही विचारत नव्हता. विचारायचं नाही हाही कायदाच होता. तो फक्त चालत राही. वर्गातून व्हरांड्यात, तिथून गोठ्यापर्यंत आणि परत. बोलता बोलता मधेच थांबून समोरच्याच्या तोंडाकडे बघे. त्या बघण्यानं निर्दोष माणसालासुद्धा आपण काहीतरी केलंय असं वाटायचं. मला तर वाटायला लागलं होतं की चुकून माझीच वाटी उलटली असेल.

दुसरा रविवार आला. फडकं उचललं. पुन्हा एक पालथी.

या वेळी मात्र तोंडं उघडली. रझाक आणि भोसीकर एकमेकांच्या अंगावर गेले, एक पाट मधोमध चिरला, आचारी पळी घेऊन मधे पडला. शांत झाल्यावर मीच तोडगा काढला. म्हटलं, सरांना बारा नावं हवीत, वाट्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. नाव घालून टाकू. मला वाटलं, एवढा सोपा व्यवहार कुणाला सुचला नाही म्हणजे कमालच आहे.

व्यंकटभाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आपल्यातल्याच एकाला तो नकोय. त्याच्या छातीवर बसून जेवायचं का? मग कंत्राटदार काय वाईट?"

तोडगा तिथंच मेला.

मी मात्र हिशेब सोडला नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या एकेकाला डोळ्यांपुढं आणलं आणि तपासलं. सगळे चिडलेले होते, आणि चीड खरी होती. पालथी ठेवणारा माणूस चिडेल तर खोटंच चिडेल, आणि खोटं चिडणं मला ओळखू येतं, अडतीवर मी दुसरं काय पाहिलं होतं? एकही सापडला नाही. आणि मग लक्षात आलं की सगळ्या वसतिगृहात एकच माणूस 'कुणाची वाटी' हे विचारत नव्हता. ज्याला नाकारलं तोच.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वाफ्यावर गेलो. प्रत्येक विद्यार्थ्याला शेतावर एकेक वाफा नेमून दिलेला असायचा, त्याचा गहू होता. तो पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाणी देत होता. फावड्यानं एक बारं, म्हणजे पाटातून पाणी आत घ्यायचं तोंड, मोडून दुसरं धरायचं, पाणी भरेपर्यंत दांड्यावर हनुवटी टेकून बघत उभं राहायचं. इतका निवांत माणूस त्या पंधरवड्यात मी दुसरा पाहिला नव्हता.

मी बांधावर बसलो. इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं.

"अंगद, ती वाटी कुणाची, हे तू एकदाही विचारलं नाहीस."

त्यानं बारं धरलं. माती थापटली. "माहीत असलेलं कामून विचारायचं?"

"कुणाची?"

"मही."

त्याच्या बोलीत मही म्हणजे माझी. पाणी पुढच्या सरीत शिरलं. आम्ही अकरा जणांनी एकमेकांचे गळे धरले होते, एकमेकांची मागच्या चार वर्षांची उणीदुणी काढली होती, आणि कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं की आपण कुणाला नको असू शकतो. मुलगी बघायला गेलेल्या मंडळींसारखे आम्ही पोह्यांची चव बघत बसलो होतो. मुलीलाही मत असतं, आणि ते घ्यायला तिथं तिचीही वाटी ठेवलेली असते, हे साफ विसरलो होतो.

कारण त्यानं सांगितलं, पण एका दमात नाही, एकेक बारं मोडत सांगितलं. घरी चार चुलते, सगळ्यांची पोरं, जेवायला बसलं की आधी गड्यांची पंगत, मग थोरल्यांची, मग पोरांची. कुणाचं तरी कोपर कायम बरगडीत. ताटातला पापड कुणीतरी उचलणार, कुणीतरी म्हणणार अभ्यास कर, कुणीतरी म्हणणार वैरण टाकली का. बारावीपर्यंत एक भाकर अशी खाल्ली नाही की कुणी बोललं नाही. कॉलेजला यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठा आनंद कशाचा, तर खोलीत ताट घेऊन जायचं, दार लावायचं आणि जेवायचं.

"अन् आलो तर एस.टी. स्टँडवर व्यंकटभाऊ उभा," तो म्हणाला. "मही ट्रंक त्यानंच खांद्यावर घेतली. चल म्हणला, जेवायला थांबलेत सगळे. जे थांबलेत ते अजून थांबलेलेच आहेत."

मला हसू आलं. तोही जरासा हसला.

"मग तोंडानं सांगायचं ना."

"कसं सांगू? टायफॉईडमधी त्यानं मह्या उशाला बसून दिवस काढले. पेज भरवली. मही मळकी कापडं धुतली, मुनीम. मायला जमलं नसतं इतकं केलं. फक्त एकटं सोडलं नाही." फावडं चिखलात रोवून तो थांबला. "तापात वाटायचं, जरा दार लोटून घ्यावं यानं. आता त्याला काय म्हणू, तुमच्या पंगतीत मला घास जात नाही?"

म्हणून वाटी. तिच्यावर नाव नव्हतं. त्याला वाटलं होतं, एकदा पालथी निघेल आणि विषय संपेल, आम्ही दुसरा कुणी धरू. बाराचं लचांड असं गळ्याशी येईल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि दुसऱ्यांदा?

"दुसऱ्यांदा हात सुलटी ठेवायला गेला होता," तो म्हणाला. "तेवढ्यात आठवलं, आत्ताच्या जेवणात तुम्ही सगळ्यांनी मिळून मला किती जिलब्या खाऊ घातल्या."

पण आता तो सुलटी ठेवणार होता. व्यंकटभाऊच्या चकरा त्याला बघवत नव्हत्या. परीक्षेपर्यंतचाच तर प्रश्न आहे, खाईन, म्हणाला. कुणाला बोलू नका. मी कशाला बोलतोय? अकरा माणसांचं सुख एका बाजूला, एका माणसाची थोडी अडचण दुसऱ्या बाजूला. सौदा चांगला होता. मी त्याची पाठ थोपटली आणि शीळ घालत परत आलो. वाटेत व्यंकटभाऊ भेटला, तोंड उतरलेलं. त्याला म्हटलं, या खेपेला होईल बघा. तो म्हणाला, तुला काय माहीत? म्हटलं, आतला अंदाज. दिवसभर मला फार हलकं वाटत राहिलं.

तिसऱ्या रविवारी भोसीकरनं पेढे आणले नव्हते. सगळे मुकाट जेवले. व्यंकटभाऊ नेहमी स्वतः वाढायचा, त्या दिवशीही वाढत होता, पण एक गोष्ट माझ्या नजरेत आली. अंगदनं "पुरे" म्हटलं आणि त्यानं पळी मागे घेतली. आग्रह केलाच नाही. मी ते मनात टिपलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मला वाटलं, थकला असेल.

एकेक जण आत जाऊन आला. व्यंकटभाऊ सगळ्यात शेवटी गेला आणि आतूनच त्यानं आम्हाला हाक मारली. फडकं उचललं.

एक पालथी.

मी पहिलं अंगदकडे बघितलं, खरं तर खाऊ की गिळू अशाच नजरेनं. आणि बघितलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तो फळीकडे असा बघत होता की जणू आपल्याच हातानं आपल्याला फसवलंय. मग त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी नाही.

"हरामखोर कोण आहे तो, आता कळलंच पाहिजे," भोसीकर म्हणाला.

"ती माझी आहे," व्यंकटभाऊ म्हणाला.

रझाकला वाटलं तो वेळ मारून नेतोय. "भाऊ, असली थट्टा बरी नाही."

"थट्टा नाही." त्यानं ती वाटी उचलली आणि खरकट्या भांड्यांत ठेवली. "या वेळची माझी आहे. आधीच्या कुणाच्या का असेनात, कुणी कुणाला विचारायचं नाही. मी सरांना सांगून येतो." आणि चपला घालून निघाला. अंगद दारात उभा होता. त्याला ओलांडून जाताना व्यंकटभाऊनं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. एरवी तो कुणालाही हात लावल्याशिवाय पुढं जायचा नाही.

मागे पोरं भडकली. ज्याच्यासाठी पंधरा दिवस जिवाचं रान केलं त्यानंच माती केली, असं सगळ्यांचं मत पडलं. कुणी म्हणालं, याचं तर हे शेवटचंच वर्ष, याला काय. आयुष्यात मी इतकं चुकीचं वाक्य फार कमी वेळा ऐकलं असेल, पण तेव्हा मीही चडफडतच त्याच्यामागे धावलो.

रेक्टरांच्या बंगल्याच्या वाटेवर त्याला गाठलं. म्हटलं, भाऊ, सगळं जमून आलं होतं. तो सुलटी ठेवणार होता.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांच्या शेवटी आत गेल्यावर त्यानं फडक्याखाली अकराही वाट्या सुलट्या पाहिल्या होत्या, आणि आधीच्या पालथ्या कुणाच्या ते त्याला एक दिवस आधीच उमगलं होतं. आदल्या दुपारी तो चकरा मारत ज्वारीच्या तुकड्यापर्यंत गेला होता. तिथं बांधाच्या आडोशाला अंगद दिसला. दोन गोवऱ्या पेटवून त्यानं त्यात कणसं खुपसली होती. कणीस बाहेर काढायचं, तळव्यावर चोळायचं, फुंकर मारायची आणि हुरडा एकेक चिमूट तोंडात टाकायचा.

"हुरडा एकट्यानं खातं का कुणी, मुनीम?" व्यंकटभाऊ म्हणाला. "मी हाक मारणार होतो. पोरांना बोलवून आणतो म्हणणार होतो. मीठ-चटणी आणतो म्हणणार होतो. तेवढ्यात त्याचं तोंड दिसलं."

तो चालता चालता थांबला. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला एका जागी उभा असलेला पाहिला.

"जूनपासून वाढतोय मी त्याला. माझ्या हातचं खाताना ते तोंड मी कधीच बघितलं नाही."

मी म्हटलं, चार महिन्यांचा तर प्रश्न होता. तो स्वतःच्या मर्जीनं तयार झाला होता. व्यंकटभाऊनं मान हलवली. म्हणाला, भिडेखातर जेवणारा माणूस समोर बसवून मला घास गेला नसता. मग म्हणाला, तू परत जा, पाट मोजून कोठीत द्यावे लागतील. आणि एकटाच बंगल्याकडे वळला.

पहिल्या तारखेपासून आम्ही कंत्राटदाराच्या मेसमध्ये जायला लागलो. लांब टेबलं, ज्याला जेव्हा तास नसेल तेव्हा तो जेवणार. ताट खोलीवर न्यायला परवानगी होती. अंगद रोज न्यायचा. त्याच्या दाराला आतून कडी असायची. महिन्याभरात त्याच्या गालांवर मांस आलं, हे मी नाइलाजानं का होईना, नोंदवतो. रस्त्यात व्यंकटभाऊ दिसला की तो थांबायचा, काहीतरी बोलायला तोंड उघडायचा. व्यंकटभाऊ आधीच "जेवलास का?" म्हणायचा आणि पुढं जायचा.

आम्ही बाकीचे सुरुवातीला एकमेकांसाठी जागा धरायचो. मग धरेनासे झालो. कुणी ठरवून नाही, तास वेगवेगळे असतात. भाऊवरचा राग मात्र बऱ्याच जणांनी मनात धरून ठेवला, आणि भाऊ आपल्याला पंगतीला कुणी बोलावतंय का बघत ताट घेऊन उभा असायचा. मी बोलवायचो. कधी कधी माझाही तास असायचा.

मार्चमध्ये एका दुपारी व्यंकटभाऊनं ताट वाढून घेतलं, कुठल्याच टेबलाकडे बघितलं नाही आणि सरळ आपल्या खोलीवर गेला. मी मागोमाग गेलो. दार बंद होतं. मी व्हरांड्यात कठड्याला टेकून उभा राहिलो. भोसीकर आला, त्याला दार वाजवायचं होतं. त्याला मी परत पाठवलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ताट निम्मं तसंच होतं.

"काय झालं भाऊ, बरं नाही का?"

"बरं आहे. म्हटलं, बघावं तरी त्याला काय सापडतं त्यात."

"मग, काय सापडलं?"

त्यानं विचार केला. हा माणूस कधी खोटं बोलला नाही, तेव्हाही बोलला नाही.

"मला काही नाही सापडलं. नुसता आपल्याच चावण्याचा आवाज येतो," तो म्हणाला. "जूनमध्ये नोकरीवर गेलो की रोज हाच यायचाय. आत्तापासून सवय केलेली बरी." आणि दारातच खाली बसून, ताट मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता तो उरलेलं जेवायला लागला.